जुन्या ट्रायम्फ स्पिटफायरचं इंजिन नुसतं दुरुस्त करावं की फुल इंजिन काम काढावं?

तुम्ही लिहिलंय, तुमची 1969 ची स्पिटफायर निळा धूर सोडते, एक सिलिंडर ढिला आहे आणि गॅरेजवाला फुल इंजिन काम, म्हणजे इंजिन उतरवून पूर्ण खोलायला, सांगतोय. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उघडायच्या आधीच कोणी असं सांगत असेल तर गाडी तिथून उचला. हे मी एवढ्या ठामपणे म्हणतोय, कारण हाच वाद आमच्या घरात झालाय.

आमची स्पिटफायर मार्क थ्री मॉडेलची, मामांची, 1296 सीसी. पुढे ती मामेभावाकडे, दादाकडे आली. एकदा लोणावळ्याहून परतताना घाट उतरून खोपोलीला दादाने ॲक्सिलरेटर दाबला आणि मागे निळ्या धुराचा लोट उठला. दादाचा निकाल तिथेच तयार: पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवा, बोअर करा (सिलिंडर आतून कापून मोठे करा). गॅरेजवाल्याने लगेच मान डोलावली. का नाही डोलावणार? मोठं काम त्यालाच मिळणार होतं.

मी विचारलं, मग चढताना धूर का नव्हता? खरा लोड तर चढावर असतो, रिंगा गेल्या असत्या तर तिथेच दिसलं असतं. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या पाइपात) व्हॅक्यूम वाढतो, झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीतून) ऑइल आत ओढलं जातं आणि खाली आल्यावर जळतं. दादाला पटलं नाही.

शेवटी परळच्या एका जुन्या मिस्त्रींना घरी आणलं. स्पिटफायरचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, त्यामुळे ते सरळ पुढच्या टायरवर बसले. इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायला लावला आणि सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला. तीन सिलिंडर दीडशे पीएसआयच्या आसपास, चौथा शंभराच्या खाली. मग चौथ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा स्टार्टर मारला. काटा होता तिथेच. रिंगांचा दोष असता तर ऑइलने फट बुजून तो वर चढला असता. त्यानंतर मला क्लच दाबायला सांगून ते क्रँकच्या पुलीकडे बघत राहिले. या इंजिनांचे थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे) झिजले की क्लच दाबताच पुली पुढे सरकते, आणि वॉशर खालच्या ऑइलच्या टाकीत, संपमध्ये, गळून पडले तर क्रँक आणि ब्लॉक दोन्हींची वाट लागते. पुली हलली नाही.

हेड उतरवलं तर चौथ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला, त्याची सीट (बंद होताना व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) आत खचलेली. ही इंजिनं शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनलेली. शिशाचा थर सीटला सांभाळायचा, आणि ते पेट्रोल आपल्याकडे 2000 पर्यंत बंद झालं. आम्ही कडक सीट बसवल्या, गाइड-व्हॉल्व्ह बदलले, हेड फेस (घासून सपाट) करून घेतलं. खालच्या इंजिनाला हात लावला नाही. घाटातला धूर बंद झाला.

दादा आजही म्हणतो, "उघडलंच होतं तर सगळंच करून टाकायचं." मला हे अजिबात मान्य नाही. बोअर करताना जे लोखंड जातं ते परत येत नाही. वीस थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ), चाळीस थाउ, फार तर साठ, मग लायनर (सिलिंडरमध्ये बसवायची नवी नळी) शोधा. ब्लॉक बदलावा म्हटलं तर इंजिन नंबर आरसीवर असतो, म्हणजे आरटीओचे खेटे. शिवाय स्टँडर्ड बोअरवरचं मूळ इंजिन हीच अशा गाडीची अर्धी किंमत असते. हे दादालाही माहीत आहे, कबूल करत नाही एवढंच.

आता हेही सांगायला हवं: गरम इंजिनात खालून ठोका येत असेल, ऑइल प्रेशर पडत असेल किंवा क्लच दाबल्यावर पुली सरकत असेल, तर माझं ऐकू नका, इंजिन उतरवाच. पुली सरकत असेल तर गाडी चालवूसुद्धा नका. आणि गाडी बरीच वर्षं, मुंबईचे पावसाळे खात उभी असेल तर रिंगा नुसत्या चिकटलेल्याही असू शकतात. अशा वेळी आधी ऑइल बदला, थोडी चालवा, मग परत गेज लावा. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही याच वेळी बदलून घ्या, इथेनॉलने ते सडतात.

धूर नेमका कधी येतो हे तुम्ही लिहिलेलंच नाही. ते लिहा, आणि चारही सिलिंडरचे आकडे, कोरडे आणि ऑइल टाकून, दोन्ही द्या. त्याशिवाय तुमच्या गाडीबद्दल मी काही सांगणार नाही, आणि तुमच्या गॅरेजवाल्यानेही सांगू नये.