डागांची तारीख पाळीची म्हणून सांगू नकोस

अगं, शेवटच्या पाळीला ३८ दिवस झालेत, प्रेग्नन्सी टेस्टच्या कार्डावर दुसरी रेघ फिकट, कालपासून चॉकलेटी डाग, आणि तू विचारतेस ‘ही पाळीच असेल ना?’ सात वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं होतं, फक्त स्वतःलाच, आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं.

वेळेत उमटलेली फिकट रेघ ही रेघच, म्हणजे दिवस गेलेत, त्यावर जास्त बोलत नाही.

मला २८व्या दिवशी डाग आले. दोनच दिवस, पॅडसुद्धा नीट भिजलं नाही. म्हटलं, आली पाळी. महिन्याभराने मळमळायला लागल्यावर कार्ड केलं आणि दवाखाना गाठला. काउंटरवर ‘शेवटची पाळी?’ विचारलं, मी डागांची तारीख दिली. ‘पण ती नेहमीसारखी नव्हती’ म्हटलं, तर ‘फॉर्मवर एकच तारीख लिहायची असते’ असं ऐकवलं. झालं! त्या हिशोबाने जेमतेम पाच आठवडे भरत होते. सोनोग्राफीत गर्भाशयाची पिशवी रिकामी दिसली, तर ‘अजून लवकर आहे, पंधरा दिवसांनी या’. खरे दिवस नवव्या आठवड्यात होते. तेव्हा पिशवीत गर्भ आणि ठोके दिसायलाच हवेत. गर्भ पिशवीत नव्हताच, गर्भाशयाच्या बाजूच्या बीजनळीत होता. सहाव्या दिवशी उजव्या ओटीपोटात कळ, चक्कर, आणि खांदा दुखायला लागला. खांदा बादली उचलल्याने दुखतोय असं मी धरून चालले. पोटात रक्तस्राव झाला की खांदा दुखतो हे मला ऑपरेशननंतर कळलं. नळी काढावी लागली. वर सासरकडच्यांनी पपईला दोष दिला तो वेगळाच. पपईने गर्भ नळीत जात नाही हो!

मी डॉक्टर नाही, आणि तुला घाबरवायचंही नाही. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारातल्या एकीला थोडंफार रक्त दिसतं. माझ्या जावेला दहा दिवस डाग होते, तिची मुलगी आता शाळेत जाते. पण घरबसल्या यातलं कुठलं ते कळत नाही. म्हणून उद्याच जा. ३८ दिवसांपूर्वीची तारीख पाळीची म्हणून सांग, डागांची वेगळी सांग, दोन्ही लिहून घ्यायला लाव. पिशवी रिकामी दिसली तर बीटा एचसीजी (गरोदरपणाच्या हार्मोनची रक्ततपासणी) ४८ तासांच्या अंतराने दोनदा करायचं का, हे आपणहून विचार. माझ्या मते हे पैसे वाचवायचे नसतात. सोनोग्राफीला ओळखपत्र ने, नाहीतर परत पाठवतात.

एका बाजूला कळ, चक्कर, खांदादुखी किंवा तासाला पॅड भिजणं यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नकोस, १०८ लाव. आणि रक्तगट निगेटिव्ह असेल तर आधीच सांग. अँटी-डी (निगेटिव्ह रक्तगटाच्या बायकांना देतात ते इंजेक्शन) लागलं तर ७२ तासांच्या आत घ्यावं लागतं, आणि मला ते कुणी विचारलंच नव्हतं.