भाड्याचं बिल पाठवू नका, ताई

ताई, तुमचं चार पानी पत्र आणि सोबतचे ४१ स्क्रीनशॉट वाचले. अन्याय झाला, असं तुम्ही पाच ठिकाणी लिहिलंय. झालाय, मान्य. पण कोर्टात त्या पाच ओळींकडे कुणी बघणार नाही. तिथे दोन तारखा बघितल्या जातील, आणि त्यातली एक तारीख तुमचे यजमान स्वतःच्या हाताने पुसायला निघालेत. मे ते सप्टेंबरचं भाड्याचं बिल त्यांनी लिहून ठेवलंय ना? ते आहे तिथेच राहू द्या. पाठवू नका.

इतर वाचकांसाठी प्रकरण थोडक्यात सांगतो. ताई सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी हातमाग, वॉल हँगिंगचं काम. एका हॉटेलवाल्यांनी १४ नोव्हेंबर २०२४ ला त्यांच्याकडून सहा नग आपल्या मंगल कार्यालयात लावायला भाड्याने नेले. महिना ९,००० रुपये भाडं आणि ३०,००० अनामत. चिठ्ठीवर ओळ एकच : "सहा नग भाड्याने, ३१ जानेवारीपर्यंत." फेब्रुवारीत नग आले नाहीत. एप्रिलपर्यंत भाडं आलं, मग तेही थांबलं. सप्टेंबरच्या पावसात कार्यालयाचा स्लॅब गळला आणि दोन नग भिजून बाद झाले. आता हॉटेलवाले म्हणतात, पाऊस काय मी पाडला? पाच महिन्यांचं भाडं ४५,००० देतो, बिल द्या, हिशेब पूर्ण झाला असं लिहून द्या आणि विषय मिटवा. याशिवाय त्यांच्या दिवंगत वडिलांचं व्यक्तिचित्र त्यांनी ६०,००० रुपयांत विणून घेतलं, त्यातले २०,००० दिले आणि ४०,००० बाकी ठेवले.

या धाटणीची पत्रं मला सतत येतात. कुणी गणेशोत्सवाच्या सजावटीसाठी मंडळाला मूर्ती वापरायला दिलेली असते, कुणी स्टुडिओला भरतकामाचे पडदे दिलेले असतात. माल जाताना सगळे "आपलेच लोक" असतात. कागद कसा करायचा ते विचारायला एकही जण आधी येत नाही. माल फाटला की येतात.

आता तारखा. वस्तू वापरायला द्यायची आणि काम झालं की परत घ्यायची, या व्यवहाराला १८७२ च्या करार अधिनियमात 'निक्षेप' म्हणतात. भाड्याने दिलेली वस्तू त्यातच येते. भाडेकरूने ती स्वतःच्या वस्तूसारखी जपायची असते. तेवढी काळजी घेऊनही ती बिघडली, तर सहसा त्याच्यावर जबाबदारी येत नाही. कलम १५१ आणि १५२ चा हा भाग तुमच्या हॉटेलवाल्यांना कुणीतरी नीट समजावून सांगितलेला दिसतो, म्हणूनच ते पावसावर बोट ठेवतायत. कलम १६१ मात्र सांगितलेलं नाही. ते म्हणतं, परत द्यायची वेळ झाली आणि घेणाऱ्याच्या कसुरीमुळे वस्तू परत आली नाही, तर त्या वेळेपासून तिचं जे काही नुकसान, नाश किंवा खराबी होईल, त्याला तो जबाबदार. मग स्लॅब का गळला, ताडपत्री टाकली होती का, हा वाद बराचसा गौण होतो. प्रश्न एवढाच उरतो, की नग भिजले तेव्हा परत द्यायची वेळ टळून गेली होती का?

चिठ्ठीप्रमाणे ३१ जानेवारीलाच टळली होती. पण ३ फेब्रुवारीला तुम्ही काय लिहून बसलात? "ठीक आहे सर, राहू द्या, लग्नसराई झाली की बघू." एका ओळीत पक्की तारीख गेली आणि तिच्या जागी लग्नसराई आली. हा मेसेज तुम्ही पत्रात सांगितलाच नाही, मला तो सतराव्या स्क्रीनशॉटवर सापडला. वकिलापासून असं काही लपवू नये. समोरच्याकडे तोच मेसेज असतो.

सुदैवाने ९ जूनला तुम्हाला जाग आली. "सर, पुण्याला प्रदर्शन आहे, सगळे नग या रविवारपर्यंत पाठवा." तो रविवार १५ जूनचा. त्यावर त्यांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. पुढे त्यांनी जे केलं त्यालाही मराठीत अंगठा दाखवणंच म्हणतात, पण कोर्टापुरता पहिला अंगठा आपल्या कामाचा. मागणी पोचली, वाचली गेली आणि तिला नकार आला नाही, एवढं त्यातून दिसतं.

ते म्हणतील, लग्नसराईपर्यंत ठेवायला तुम्हीच सांगितलं होतं. म्हणू द्या. २०२५ ची आषाढी एकादशी ६ जुलैला होती. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात हे न्यायाधीशांना समजावायला साक्षीदार लागणार नाही. तुमची तारीख धरली तर १५ जून, त्यांची धरली तरी ६ जुलै. ओल्या भिंतीचा फोटो त्यांनीच पाठवलाय, १८ सप्टेंबरला. कुठूनही मोजा, नग भिजले ते मुदत संपल्यावर.

म्हणून त्या बिलाचं मला भय वाटतं. "भाडे, मे ते सप्टेंबर" असं तुम्ही लिहून दिलंत, की सप्टेंबरपर्यंत भाड्याचा व्यवहार चालू होता हे तुम्हीच कबूल केलंत. मग वेळ टळली कुठे? कलम १६१ हातातून जातं आणि तुम्ही पुन्हा पावसावर आणि ताडपत्रीवर वाद घालत बसता. ८०,००० रुपयांचे दोन नग ४५,००० च्या बिलाखाली गाडायचा हा बेत आहे. तो त्यांना सुचला की त्यांच्या वकिलाला, ते मला माहीत नाही. ज्याला सुचला तो हुशार आहे.

तुम्ही असं लिहा : भाडं १५ जूनपर्यंतच, मे महिन्याचे ९,००० आणि जूनचे निम्मे ४,५००, एकूण १३,५००. १६ जूनपासून पुढचं जे मागाल ते "मुदतीत परत न केल्याची नुकसानभरपाई" म्हणून मागा. दर तोच ठेवा, नाव मात्र बदला. बाद झालेल्या दोन नगांची किंमत वेगळी. अनामत सध्या परत करू नका, तिची वजावट नोटिशीत दाखवता येईल. आणि त्यांनी उद्या सरळ खात्यात ४५,००० टाकले, वर 'भाडे मे ते सप्टेंबर' असा शेरा मारला तर? देणेकरी पैसे देताना कशापोटी देतोय ते सांगतो, आणि तुम्ही ते मुकाट्याने ठेवून घेता, तेव्हा ते त्याच देण्यापोटी धरले जातात. हे कलम ५९. तेव्हा त्याच दिवशी लेखी हरकत घ्या. रक्कम परत पाठवायची की हरकत नोंदवून ठेवायची, हे नोटीस देणाऱ्या वकिलाला ठरवू द्या. मी कागद हातात घेतलेले नाहीत.

दोन नगांचे ८०,००० मिळतीलच, असं मी म्हणत नाही. चिठ्ठीवर किंमत नाही. सहा नगांची चिठ्ठी लिहिताना प्रत्येकापुढे एक आकडा टाकायला किती वेळ लागला असता? आता त्याच मापाच्या नगांची जुनी बिलं शोधा. एक नग मागावर किती दिवस होता, सूत आणि रंगाला किती गेले, याची वही असेल तर तीही काढा. सिद्धेश्वर मंदिराचा देखावा २६ दिवस मागावर होता, असं तुम्ही लिहिलंय. ते वहीत असेल तर त्याला वजन आहे, नुसतं पत्रात असेल तर फारसं नाही.

मोबाईल बदलू नका. जुने मेसेज आपोआप पुसायची सेटिंग चालू असेल तर आजच बंद करा. ४१ स्क्रीनशॉट मला कळायला पुरले, कोर्टाला पुरत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा मेसेजच्या पुराव्यासोबत कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

व्यक्तिचित्राच्या ४०,००० बद्दल थोडक्यात. नग २ डिसेंबर २०२४ ला पोचलाय आणि उधारीची मुदत ठरलेली नव्हती, तेव्हा पोचल्यापासून तीन वर्षांत दावा लावायला हवा. शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. "रंग चढा आलाय" ही तक्रार त्यांना दोन महिन्यांनी फोनवर सुचली, तिला मी फार किंमत देत नाही. सूक्ष्म उद्योगांच्या कायद्याचा आधार मिळेल का, असं विचारलंय. तो कायदा चांगला आहे. पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. पण तुमची उद्यम नोंदणी (सूक्ष्म उद्योग म्हणून सरकारदरबारी केलेली नोंद) फेब्रुवारी २०२५ ची, म्हणजे नग दिल्यानंतरची, आणि तीही यजमानांच्या नावावर. नोंदणी आधीची हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने शंका काढून प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. त्यामुळे यावर भिस्त ठेवू नका. शिवाय या कायद्याखालच्या तक्रारी ज्या परिषदेपुढे जातात, तिने ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायद्यात छापलंय. ते वाचून मला दरवेळी हसू येतं.

त्यांनी वडिलांचं तेच चित्र कॅलेंडरवर छापून वाटलं, याचा राग समजतो. एरवी नमुना विणणाऱ्याचा असतो आणि तो लेखी सहीशिवाय दुसऱ्याचा होत नाही. पण मोबदला देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राला कॉपीराइट कायद्यात अपवाद आहे, तिथे वेगळा करार नसेल तर हक्क करून घेणाऱ्याकडे जातो. विणलेलं चित्र त्या अपवादात बसतं का, यावर दोन्हीकडून बोलता येईल. मी यात पैसे घालणार नाही. भौगोलिक मानांकनाचाही इथे उपयोग नाही, ते सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला आहे.

मुलगा पोलिसांत जायचं म्हणतोय, त्याला थांबवा. नग कुठे आहेत ते हॉटेलवाले लपवत नाहीत, भाडं द्यायलाही तयार आहेत. ठाण्यात "हे दिवाणी आहे" असं सांगून परत पाठवतील, आणि ते चूक म्हणता येणार नाही.

दावा तुमच्या नावाने लावा. माग सासऱ्यांचा, नोंदणी यजमानांची, पण बोलणी तुम्ही केलीत आणि अनामत तुमच्या खात्यात आली. त्यात आणखी एक सोय आहे : स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. आधी स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस, १५ दिवसांची मुदत, मग दिवाणी न्यायालय. किती वर्षं, हे मला विचारू नका. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आल्याने सोलापूरकरांची मुंबईची फेरी वाचली, खालच्या कोर्टातल्या तारखा आहेत तशाच आहेत. म्हणून नोटीस पोचल्यावर त्यांनी दोन नगांची किंमत धरून नीट आकडा दिला, तर थोडं कमी घेऊन मिटवण्यात कमीपणा मानू नका. मात्र ते लेखी हवं, आणि पैसे हातात पडण्याआधी "हिशेब पूर्ण" वर सही नको.

आणि सगळ्यात आधी नग आणा. उरलेले चार अजून त्याच भिंतीवर आहेत, असं तुम्ही सहज लिहून गेलात! या आठवड्यात टेम्पो घेऊन जा. तिथेच प्रत्येक नगाचा पुढून-मागून फोटो काढा आणि पोचपावतीवर लिहा : "चार नग मिळाले, भिजलेले दोन नग पाहणीसाठी ताब्यात घेतले, त्यांच्या किमतीचा हक्क राखून." त्यांची सही मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर तोच मजकूर तिथूनच मेसेज करा. सासरे म्हणतात, बुरशी धुतली तर एखादा नग वाचेल. त्यांच्या हाताला मी काय सांगणार, पण त्यांना थांबवा. लाल रंग सुटून पांढऱ्या कळसावर उतरलाय, ओलीची रेघ काठापर्यंत गेलीय, हे कोर्टाच्या माणसाला तसंच दिसायला हवं. दोन्ही नग जुन्या चादरीत गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. चादरीला तर तुमच्या घरी तोटा नसेल.