उपचार मुंबईत, मुक्काम कोठे?

कर्करोगाच्या उपचारांसाठी गावाहून मोठ्या शहरात येणाऱ्या मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या राहण्याच्या प्रश्नावर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळातील एका कार्यकर्त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. औषधोपचाराचा खर्च शासकीय योजनेतून भागला. परंतु मुंबईत राहण्याची सोय होईपर्यंत त्या तिघांना काही रात्री रस्त्याच्या कडेला काढाव्या लागल्या. मंडळाने यंदा देखावा साधा ठेवून सुमारे चार लाख रुपये बाजूला काढले आहेत. आणखी वर्गणी जमवून परळ भागात एक खोली विकत घ्यावी आणि ती आमच्या तालुक्यातील आजारी मुलांच्या कुटुंबांसाठी राखून ठेवावी, असा विचार आहे. आपले मत काय?
— एक कार्यकर्ता, कराड

उत्तर : खोली विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या हेतूविषयी मला शंका नाही. पण या कामात जागा मिळवणे हा खर्चाचा पहिलाच टप्पा असतो आणि बहुतेक मंडळांचा उत्साह व पैसा याच टप्प्यावर संपतो.

परळ-लालबाग भागातील जागांचे भाव आपणांस ठाऊक असतीलच. भाव बाजूला ठेवले, तरी शेजाऱ्यांचा प्रश्न राहतो. म्हाडाच्या शंभर सदनिका टाटा स्मारक रुग्णालयाला रुग्णांच्या नातेवाइकांसाठी देण्याचा निर्णय २०२१ साली झाला, तेव्हा स्थानिक रहिवाशांचे आक्षेप पुढे आले, जूनमध्ये त्या निर्णयाला स्थगिती मिळाली आणि त्यानंतर बॉम्बे डाईंग गिरणीच्या जागेवरील सदनिका देण्याचे ठरले. जेथे खुद्द शासन आणि एवढे नामांकित रुग्णालय व्यवहारात होते तेथे हा प्रकार घडला, तर दर दोन-तीन महिन्यांनी नवे कुटुंब आणून ठेवणाऱ्या कराडच्या मंडळाला एखादी गृहनिर्माण संस्था कसे वागवील, याचा अंदाज करावा. शिवाय एका तालुक्यापुरती राखलेली खोली कधी चार महिने कुलूपबंद राहील आणि कधी एकाच आठवड्यात दोन कुटुंबे दारात उभी राहतील.

आता खोली कशी असावी लागते, ते सांगतो. कारण देणगीदारांच्या नजरेतून हीच बाब बहुधा सुटते. केमोथेरपीमुळे मुलाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी खाली जातात. वॉर्डात आणि धर्मशाळेत सगळे पालक यालाच ‘काउंट कमी झाले’ असे म्हणतात. अशा दिवसांत साधा संसर्गही जीवघेणा ठरू शकतो. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला की, मध्यरात्र असली तरी, मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे लागते आणि प्रतिजैविक शक्यतो तासाभरात सुरू व्हावे लागते. त्यामुळे चांगल्या निवासात प्रत्येक कुटुंबाची झोपण्याची जागा वेगळी असते, पिण्याचे पाणी उकळलेले किंवा खात्रीचे असते, संडास-बाथरूम दिवसातून अनेकदा धुतले जातात, आणि रात्री गाडी कोणी बोलवायची हे ठरलेले असते. स्वयंपाकघरात प्रत्येक आईला स्वतःची शेगडी आणि कुलपाचे कपाट मिळते. एका शेगडीवर बीडची बाई भाकरी थापते, शेजारच्या शेगडीवर बिहारची बाई भात-डाळ शिजवते. दोघींची भाषा निराळी असली तरी आज कोणाच्या मुलाचे काउंट किती आले, हे एकमेकींना नेमके माहीत असते. भाजी नीट शिजलेली हवी, चिरून ठेवलेली फळे चालत नाहीत, शिळे तर मुळीच नाही. म्हणूनच स्वतः रांधण्याची सोय ही येथे चैनीची बाब मानता येत नाही.

या सगळ्याला दरमहा पैसा लागतो. सफाई कामगारांचे पगार, विजेचे देयक, पाण्याच्या टाकीची सफाई, ढेकूण-झुरळांसाठी फवारणी, चादरींची धुलाई आणि अडचणीच्या वेळी पालकांशी बोलू शकणारा एक जाणता व्यवस्थापक, या खर्चासाठी देणगीदार मिळवणे अत्यंत कठीण जाते. इमारतीला देणगी दिली तर संगमरवरी पाटीवर नाव येते. फवारणीला दिली तर कोठेच येत नाही. (पाट्यांची ही हौस आपल्याकडे देवळांपासून शाळांपर्यंत सर्वत्र आहे, तेव्हा रुग्णनिवासांनाच दोष देण्यात अर्थ नाही.) आपल्या मंडळाने ही उणीव भरून काढावी, असे मी सुचवेन. मुंबईत हे काम करणाऱ्या संस्था आहेत : परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे, दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणि २००६ साली मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था केवळ कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य निवास देते. यांपैकी एखाद्या संस्थेकडे जाऊन एका कुटुंबाच्या जागेचा वर्षाचा चालू खर्च किती येतो, ते विचारावे आणि तेवढी रक्कम किमान पाच वर्षे देण्याचा शब्द द्यावा. पहिल्याच वर्षी सगळे चार लाख देऊन मोकळे होण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी पडेल, कारण संस्थेला पुढच्या वर्षाची आखणी करता येते.

आपल्या तालुक्यातील मुलांना त्यात अग्रहक्क मिळावा, अशी अट मात्र घालू नये. जागा कोणाला द्यायची, हे रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभागाचे कार्यकर्ते आणि निवासाची संस्था मिळून ठरवतात. मुलाच्या उपचाराचा टप्पा, घराचे अंतर आणि कुटुंबाची ऐपत पाहून ते ठरते. तेथे कराडची चिठ्ठी चालू लागली की उद्या आमदारांचीही चालू लागेल.

एक कायदेशीर बाब आहे. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाने धर्मादाय कारणासाठी पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे रीतसर अर्ज करावा लागतो. गणेशोत्सवासाठी आपण हे दरवर्षी करीत असालच. परंतु उत्सवासाठी केलेला अर्ज या निधीलाही पुरेल, असे गृहीत धरू नये. वर्गणीचे पावतीपुस्तक वेगळे छापावे, बँकेत वेगळे खाते ठेवावे आणि हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावा.

प्रश्न : महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार मोफत होतात, रेल्वेचे भाडे माफ होते. मग निवासासाठी लोकांकडून देणग्या का मागाव्यात? त्यापेक्षा त्या पैशात जिल्ह्याजिल्ह्यांत उपचार सुरू करावेत, हे अधिक शहाणपणाचे नाही का?
— एक निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. बार्शीला आणि नागपुरात कर्करोगाची रुग्णालये उभी आहेत. देशभरच्या रुग्णालयांना एकसारख्या उपचारपद्धतीने बांधू पाहणारे राष्ट्रीय कर्करोग जाळे २०१२ सालापासून काम करीत आहे. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन ते अडीच वर्षे चालतो. त्यातील पहिले सहा-आठ महिने अतिशय कडक असतात, पुढचा बराचसा काळ गोळ्या आणि ठरावीक तपासण्या यांवर जातो. हा पुढचा काळ जिल्ह्याच्या ठिकाणी काढता आला, तर मुंबईतील जागाही लवकर मोकळ्या होतील. परंतु लहान मुलांच्या कर्करोगाचे तज्ज्ञ, त्यांच्याबरोबरच्या परिचारिका, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग ही घडी एका वर्षात बसत नाही, आणि आज निदान झालेल्या मुलाला तेवढा काळ थांबता येत नाही.

पहिल्या भागाविषयी : योजना रुग्णालयाचे देयक भरते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगरुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात रेल्वेचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबतच्या एका व्यक्तीला त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत मिळते. मात्र गाडी दादरला पोहोचल्यावर पुढचे सहा महिने कोठे झोपायचे, हे कोणतीही योजना सांगत नाही. वडिलांची मजुरी बुडालेली असते, एखादी शेळी किंवा दागिना विकून झालेला असतो, धाकटे मूल आजीकडे ठेवलेले असते. अशा वेळी मुलाला थोडे बरे वाटू लागले की कुटुंब गावी परतते आणि उपचार अर्धवट राहतो. अर्धवट राहिलेल्या उपचारानंतर रोग उलटला, तर तो पहिल्यापेक्षा अवघड झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. संघटनेने या तफावतीची जी कारणे दिली आहेत, त्यांत उशिरा होणाऱ्या निदानाबरोबर उपचार मध्येच सोडण्याचाही समावेश आहे. लाखो रुपयांची औषधे सरकारने द्यावीत आणि राहायला जागा नाही म्हणून ती वाया जावीत, हा हिशेब एखाद्या काटकसरी शिक्षकाला पटेल असे मला वाटत नाही.

हे काम सरकारनेच करावे, असे आपण म्हणाल, तर त्यालाही माझी हरकत नाही. सरकारी जागा आणि लोकांच्या देणगीतून चालणारी व्यवस्था, ही जोडी मला सर्वांत टिकाऊ वाटते. मुंबई बंदर न्यासाने कॉटन ग्रीन येथील आपल्या इमारती सेंट ज्यूड संस्थेला वापरासाठी दिल्या, हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

प्रश्न : आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहतो. येथील रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउसमध्ये आमचे काही मित्र महिन्यातून एकदा सर्व कुटुंबांसाठी रात्रीचे जेवण करून वाढतात. मुंबईत असेच काही करता येईल का? आमच्या मित्रमंडळींनी निधी जमवला, तर तो कसा पाठवावा?
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : आपण राहता त्याच शहरात या कल्पनेचे पहिले घर १९७४ साली सुरू झाले. फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे फुटबॉलपटू फ्रेड हिल यांची मुलगी किम हिला रक्ताचा कर्करोग झाला होता; तिच्या उपचारांच्या काळात रुग्णालयाच्या बाकांवर झोपणारे पालक त्यांनी पाहिले होते. मुलांच्या कर्करोगाच्या तज्ज्ञ डॉ. ऑड्री एव्हान्स यांना कुटुंबांसाठी रुग्णालयाजवळ घर हवे होते. संघाने मदत उभी केली आणि मॅकडोनाल्डने एका हिरव्या मिल्कशेकच्या विक्रीतून पैसा दिला, त्या बदल्यात घराला आपले नाव लावून घेतले. नावाची अट मला फारशी रुचत नाही. पण तीच कल्पना पुढे अनेक देशांत गेली आणि तिचा लाभ असंख्य कुटुंबांना झाला, हे मान्य केले पाहिजे.

जेवणाची कल्पना मात्र येथे जशीच्या तशी आणू नये. मुंबईत आसामपासून मराठवाड्यापर्यंतची कुटुंबे एका छताखाली असतात, मुलाला चवीचे चार घास जावेत म्हणून आई आपल्या हातचेच करू पाहते, आणि बाहेर शिजवलेल्या अन्नातून संसर्ग होण्याची धास्ती असते. वाढदिवसाच्या निमित्ताने मिठाईचे खोके घेऊन अचानक येणाऱ्यांना व्यवस्थापकांनी नम्रपणे परत पाठवल्याचे प्रसंग घडतात, तेव्हा कोणी रागावू नये. शिधा द्यायचा असेल, तर संस्थेला विचारून तांदूळ, डाळ, तेल, अंडी असा द्यावा.

निधीविषयी थोडी सावधगिरी हवी. आपण भारतीय पारपत्रधारक असाल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असाल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीची देणगी मात्र परदेशी ठरते. ती परदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येते आणि संस्थेच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. एका संस्थेला देऊन तिने ती दुसऱ्या संस्थेकडे वळवायची, ही वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली आहे. म्हणून ज्या संस्थेला मदत करायची तिच्याकडेच ही नोंदणी चालू आहे ना, याची आधी लेखी खात्री करून घ्यावी.

प्रश्न : देणगी मागताना आजारी मुलाचे छायाचित्र लावल्याशिवाय लोक पैसे देत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. तसे करावे का? आणि करसवलत मिळते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : छायाचित्र लावू नये. मूल बरे होऊन शाळेत जाऊ लागते, पण केस गेलेल्या डोक्याचे ते चित्र कोणाच्या ना कोणाच्या फोनमध्ये राहते आणि वर्गात पोहोचते. पालकांनी होकार दिला आहे, असे आपण म्हणाल. परंतु ज्याच्या हाती खोलीची किल्ली आहे त्याला नकार देण्याची पालकांना कितपत मोकळीक असते, याचा विचार करावा. रिकाम्या खोलीचे, स्वयंपाकघराचे, खर्चाच्या तक्त्याचे छायाचित्र लावावे. पैसे थोडे कमी येतील.

संस्थेला कलम ८० जी ची मान्यता असेल, तर जुन्या करपद्धतीने विवरण भरणाऱ्या देणगीदाराला सर्वसाधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट, ठरावीक मर्यादेत, मिळते. नव्या करपद्धतीत ती मिळत नाही. दोन हजार रुपयांवरची रक्कम रोखीने दिल्यास वजावट मिळत नाही, आणि वस्तुरूपाने दिलेल्या मदतीवरही नाही. वर्ष संपल्यावर संस्थेने १० बीई क्रमांकाचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. ते साध्या पावतीपेक्षा वेगळे आहे, म्हणून देणगी देतानाच आपला पॅन क्रमांक आणि ईमेल संस्थेकडे नोंदवून ठेवावा.