सेकंड-हँड पोर्शे बॉक्स्टर घेतली आहे (९८७ मॉडेल), राहतो घोडबंदर रोडला. टेम्परेचरचा काटा कायम ८०वरच असतो, मग कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी झालं तर कळणार कसं? किती दिवसांनी चेक करावं?

काटा जागेवर आहे म्हणजे कूलंट आहे, हे आधी डोक्यातून काढून टाका. तो टेम्परेचर दाखवतो, लेव्हल नाही, आणि टेम्परेचर तरी कुठे पूर्ण खरं दाखवतो, बऱ्याच गाड्यांत पाच-दहा डिग्री इकडेतिकडे झाली तरी काटा जागचा हलू नये असंच सेटिंग असतं, नाहीतर लोक रोज सर्व्हिस सेंटरला फोन करतील. शिवाय सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच बरोबर बोलतो. कूलंट फारच उतरलं आणि सेन्सर हवेत राहिला तर आत इंजिन भाजतंय आणि काटा निवांत, असंही होतं. लेव्हलसाठी वॉर्निंगचा दिवा आहे, पण तो लागेपर्यंत बरंचसं कूलंट गेलेलं असतं. दिवा नुसता लागणं आणि लुकलुकणं याचे अर्थ वेगळे असतात, ते मॅन्युअलमध्ये एकदा वाचून ठेवा.

माझ्याकडे पण हीच गाडी आहे, नेरुळला. या गाडीत इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत, मधले पाइप अख्ख्या गाडीखालून जातात आणि कूलंटची टाकी मागच्या डिकीत. शेजारीच ऑइल भरायचं झाकण आहे, घाईत दोन्हीत गोंधळ करू नका. टाकीवर मिन आणि मॅक्सच्या खुणा दिसतील, लेव्हल त्यांच्या मधे हवी. बघायची ती सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, आणि दर वेळी त्याच सपाट जागेवर. तिकडच्या सोसायट्यांत पोडियम पार्किंगच्या उतारावर गाडी उभी असते, तिथे बघितलं तर आज भरलेली आणि उद्या कमी असं वाटेल. गरम झाल्यावर कूलंट फुगतं, त्यामुळे संध्याकाळची लेव्हल धरू नका. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पहिला महिनाभर आठवड्याला एक, नंतर पंधरा दिवसांनी चालेल. एक्सप्रेसवेला खंडाळ्याचा घाट चढायचा असेल तर आदल्या दिवशी बघायचंच. खरं महत्त्व आजच्या लेव्हलपेक्षा ती हळूहळू उतरतेय का याला आहे. सिस्टिम सीलबंद असते, कूलंट पेट्रोलसारखं संपत नाही, कमी झालं म्हणजे कुठूनतरी जातंय. गॅरेजवाला "थोडं टॉप-अप करतो, काही नाही होत" म्हणाला तर करू दे, पण कुठून जातंय ते शोधल्याशिवाय गाडी हलवू नका.

या गाडीत पहिला संशय टाकीवरच घ्यायचा, प्लॅस्टिकची आहे, वय झालं की तडकते. डिकीचं कार्पेट उचलून हात फिरवा, ओलं-चिकट लागलं किंवा गोडसर वास आला तर समजून जा. मग वॉटर पंप, तिथे सुकलेल्या कूलंटची पापडी जमलेली दिसते. गाडीखाली पाणी दिसलं की लगेच घाबरू नका, आपल्याकडच्या दमट हवेत एसीचं पाणी रोजच गळतं. बोटांत चोळून बघा, रंग आणि बुळबुळीतपणा असेल तर कूलंट. आणि पुसून टाका हो, ते गोड लागतं आणि विषारी असतं, सोसायटीची मांजरं चाटतात.

पुढच्या बंपरच्या जाळीतून टॉर्च मारून बघा. पावसाळ्यानंतर तिथे सुकी पानं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, काय काय अडकलेलं असतं, लेव्हल परफेक्ट असली तरी गाडी गरम होते. गायमुखला जाममध्ये उभे असाल तर हवा फक्त फॅनचीच. एक साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचं रीडिंग वाचणारं छोटं यंत्र) घ्या, खरं टेम्परेचर मोबाइलवर दिसतं. जाममध्ये ९५-१०० दिसलं तर ठीक आहे, फॅन लागून परत उतरलं पाहिजे. ११०च्या पुढे चढतच राहिलं तर एसी बंद, हीटर फुल, आणि जागा मिळाली की बाजूला घेऊन इंजिन बंद. झाकणाला हात लावू नका, कूलंट आणि पाण्याचं अर्धं-अर्धं मिश्रण उघड्यावर १०७-१०८ डिग्रीला उकळतं, आत प्रेशर असतं म्हणून ते त्याहूनही जास्त तापून गप्प बसलेलं असतं, झाकण फिरवलंत की कुकरसारखं अंगावर येईल.

भरताना टँकरचं किंवा बोअरचं पाणी नको, क्षार जमतात. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच कूलंट, रंग जुळला म्हणून दुसऱ्या कंपनीचं मिसळू नका. कपभर घालायचं तर घरीच घाला, पण लिटर-दोन लिटर लागलं तर एवढ्या लांब पाइपांत हवा अडकते, ती व्हॅक्यूम लावून भरल्याशिवाय नीट निघत नाही. गॅरेजला आधी फोन करून व्हॅक्यूम फिलर आहे का विचारा, आणि समोरचा "घेऊन या, बोनेट उघडून बघतो" म्हणाला तर दुसरं गॅरेज शोधा.