ऑनलाइन नाणं घेताय? आधी हे बघा

फोटोत फक्त दोन बाजू असतील तर विक्रेत्याकडे कडेचा फोटो, वजन आणि व्यास मागा. टाळाटाळ केली तर सोडून द्या, नाणी कुठे पळून जात नाहीत. त्याच्या इतर जाहिरातीही चाळा: वेगवेगळ्या नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी दिसला तर ती एकाच नकली साच्यातली.

नाणं हातात आल्यावर ०.०१ ग्रॅमचा काटा लागतो. उदाहरणार्थ, अमेरिकेचा मॉर्गन डॉलर हे चांदीचं जुनं नाणं: २६.७३ ग्रॅम, ३८.१ मिमी, ९०% चांदी. हल्लीच्या नकला वजनात चोख बसतात, म्हणून घनता काढाच. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. मॉर्गनसाठी आकडा साधारण २.६ ग्रॅम यायला हवा; नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते. ३ च्या पुढे गेला तर आत पितळ किंवा तत्सम काहीतरी आहे. नाण्याला चिकटलेले बुडबुडे आकडा फुगवतात, ते आधी झटका.

लोहचुंबकावर फार विसंबू नका. चांदीचं म्हणून विकलेलं नाणं चिकटलं तर खोटं नक्की, पण पितळही चिकटत नाही. सीलबंद डबीतलं नाणं असेल तर प्रमाणपत्राचा क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या (नाण्याचा खरेपणा आणि दर्जा तपासून ते डबीत बंद करणाऱ्या कंपनीच्या) साइटवर टाका आणि तिथला फोटो डागान्‌डाग जुळवा. खरे क्रमांक नकली डब्यांवर सर्रास छापतात.