तळाशी साका का बसतो?

प्रश्न : कडुनिंबाच्या पानांचा अर्क वापरून चांदीचे नॅनोकण तयार करतो आहोत. कधी अर्क मिसळताच पांढरट गढूळपणा येतो. कधी तासाभरात छान तपकिरी रंग येतो, पण दुसऱ्या दिवशी तळाशी काळा साका असतो. चूक कुठे होते?

उत्तर : चुका दोन आहेत. पांढरा गढूळपणा क्लोराइडमुळे येतो. नळाच्या पाण्यात ते असतंच, थोडं पानांतूनही उतरतं. सिल्व्हर क्लोराइडचा हा साका उजेडात जांभळट-करडा होतो आणि पुष्कळदा तोच नॅनोकण म्हणून खपतो. म्हणून पानं आणि भांडी शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने दोन-तीनदा धुवा.

काळा साका म्हणजे एकमेकांना चिकटलेले कण. अर्कातली पॉलिफेनॉलं (वनस्पतींतली नैसर्गिक संयुगं) चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात. मग तीच आणि प्रथिनं मिळून कणांभोवती आवरण धरतात. सिल्व्हर नायट्रेटचं (चांदीचे आयन देणाऱ्या क्षाराचं) द्रावण तीव्र किंवा अर्क शिळा असेल, तर हे आवरण पुरत नाही. १० ग्रॅम ताजी पानं १०० मिलिलिटर पाण्यात १० मिनिटं उकळा, गार करून गाळणीकागदातून गाळा. अर्क शक्यतो त्याच दिवशी वापरा. १०० मिलिलिटर पाण्यात १७ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवलं की १ मिलिमोलर द्रावण होतं. त्यातल्या ९० मिलिलिटरमध्ये १० मिलिलिटर अर्क ढवळत थेंबथेंब सोडा आणि भांडं अंधारात ठेवा.

क्रिया फार मंद असेल तर सामू (pH) ८ च्या आसपास न्या, पण अर्काचा, तोही मिसळण्याआधी. सोडियम हायड्रॉक्साइड थेट सिल्व्हर नायट्रेटमध्ये पडलं, तर सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी साका पडतो आणि प्रयोग जमल्यासारखा वाटतो. नुसता अर्कही अल्कधर्मी झाला की गडद होतो. त्यामुळे रंगावर विसंबू नका. अर्क अधिक पाणी आणि सिल्व्हर नायट्रेट अधिक पाणी अशी दोन भांडी तुलनेसाठी शेजारी ठेवाच. द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं हे दाखवणाऱ्या वर्णपटात ४०० ते ४५० नॅनोमीटरदरम्यान शिखर दिसायला हवं. ते रुंदावत लांब तरंगलांबीकडे सरकलं, तर कण चिकटू लागलेत.

आणि हातमोजे घाला, सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कातडीवरून दिवसेंदिवस जात नाहीत. या पद्धतीला ‘हरित’ म्हणतात, पण इथे हरित आहे ते फक्त क्षपणक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा अर्क. चांदी जलचरांना विषारीच. उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. वेगळ्या बाटलीत साठवा, मीठ घालून चांदीचे आयन साक्यात उतरवा आणि तो घातक कचऱ्यात द्या.