वाचकांचे प्रश्न : ठिबकच्या शेवटाला पाणी का पोचत नाही?

प्रश्न : वीस गुंठे उसाला ठिबक आहे, बोअरचं पाणी सवळ (क्षारयुक्त). ओळींच्या शेवटी ऊस पिवळा पडतोय. दुकानदार लॅटरल (ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळ्या) बदला म्हणतात. बदलू का? (एक शेतकरी, ता. अथणी)

उत्तर : एवढ्यात नको, दुकानदाराला लॅटरल विकायच्याच असतात. आधी मोजून बघा. ताशी 2 लिटरच्या ड्रिपरखाली (लॅटरलवर थेंब सोडणारी तोटी) वाटी धरली तर 3 मिनिटांत 100 मिली भरायला हवं. शेवटच्या सगळ्याच ड्रिपरना सारखंच कमी येत असेल तर दाब अपुरा आहे : फिल्टरची जाळी धुवा, गळती शोधा, एका वेळी भिजणारं क्षेत्र कमी करा. एकाला 90 आणि शेजारच्याला 20 मिली येत असेल, तर ड्रिपर चोंदलेत.

एक ड्रिपर कापून आत बघा. पांढऱ्या खरीवर लिंबू पिळल्यावर ती फसफसली तर चुना. बुळबुळीत थर असेल तर त्याला आम्ल नव्हे, क्लोरीन लागतं. दोन्ही एकत्र कधीच सोडू नका, विषारी वायू तयार होतो.

चुन्यासाठी बादलीत बोअरचं 10 लिटर पाणी घ्या. सिरिंजने हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं थोडं घालत सामू (पीएच) तपासायच्या कागदावर 4 येऊ द्या. समजा 15 मिली लागलं, म्हणजे लिटरला दीड मिली. 5 फुटी सरी आणि 40 सेंमीवर ड्रिपर असतील तर वीस गुंठ्यांत साधारण 3,300 ड्रिपर, ताशी 6,600 लिटर पाणी. 15 मिनिटांना सुमारे अडीच लिटर आम्ल पुरेल. खताच्या टाकीत आधी पाणी, मग त्यात आम्ल; उलट केलं तर अंगावर उसळतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू 4 दिसला की मोटर बंद करून 24 तास तसंच ठेवा.

दुसऱ्या दिवशी आधी सबमेनचा (लॅटरलना पाणी देणारा पाइप) फ्लश व्हॉल्व्ह उघडा, मग लॅटरलची टोकं चार-चार करून, पाणी नितळ येईपर्यंत. टोकं न उघडताच पाणी सुरू केलं तर सुटलेली खर पुन्हा ड्रिपरमध्ये जाऊन बसते. पार बंद पडलेल्या ड्रिपरपर्यंत आम्ल पोचतच नाही; लॅटरलचा तेवढाच तुकडा बदला.

पुढे कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट किंवा सल्फेटची खतं एका टाकीत मिसळू नका, साका बसतो. खत संपल्यावर 15-20 मिनिटं नुसतं पाणी चालवा.

प्रश्न : कृष्णेचं पाणी पावसाळ्यात गढूळ येतं. सँड फिल्टर किती दिवसांनी उलटा धुवावा? (एक वाचक, ता. रायबाग)

उत्तर : दिवस मोजू नका, फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाबाचा गेज बघा. फरक दर चौरस सेंमीला 0.5 किलोपर्यंत गेला की धुवा. पुराच्या दिवसांत रोज धुवावा लागला तरी नवल नाही. धुताना बाहेरच्या पाण्याबरोबर वाळू येऊ लागली तर ते पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह थोडा आवळा.